अल्मोड्याची नृत्यशाळा

नृत्य शिकावयाचे तर गुरूंपाशी वर्षानुवर्षे राहावे, त्यांनी दाखविलेला प्रत्येक हस्त व पदन्यास जसाच्या तसा उचलावा, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. उदयशंकर यांना बालपणी असे गुरू लाभले नाहीत. १९०० साली उदयपूर येथे जन्मलेला हा मुलगा आजोळी, गाझीपूरजवळच्या नसरतपूर गावी, मातादीन नावाच्या लोकनर्तकाचा नाच मात्र भान हरपून पाहत असे. त्याचे शिक्षण झाले ते चित्रकलेचे. प्रथम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये.

लंडनमध्ये विख्यात रशियन नर्तिका ॲना पावलोवा यांना भारतीय विषयांवर नृत्ये बसवावयाची होती. १९२३ साली उदयशंकरांनी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ ही नृत्ये रचून दिली आणि पहिल्यात ते स्वतः कृष्ण झाले. नृत्यशास्त्र त्यांस अवगत नव्हते. परंतु चित्रांतील व मूर्तींतील देहाची रेषा त्यांच्या डोळ्यांत भरलेली होती. पुढे युरोपात नाव झाल्यावर, वयाची तिशी उलटून गेल्यावर, ते शंकरन् नंबुद्री यांच्यापाशी कथकळी शिकले. आधी कीर्ती आणि मग शिक्षण, असा क्रम क्वचितच आढळतो! शास्त्रशुद्ध नृत्याचे अभिमानी त्यांना नावे ठेवीत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही.

ही उणीव दुसऱ्या कोणास राहू नये, परंतु कोणी केवळ नक्कलही करू नये, या हेतूने उदयशंकरांनी हिमालयात अल्मोड्याजवळ सिमतोला येथे कलाकेंद्र उभारले. तेथे कथकळीसाठी नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ असे थोर आचार्य होते. उदयशंकर स्वतः जो वर्ग घेत, त्यात मात्र कोणतीच ठरावीक शैली नसे. साधे चालणेही तेथे अभ्यासाचा विषय होई. एखादी कल्पना द्यावी आणि विद्यार्थ्याने ती आपल्या देहाने, आपल्या रीतीने व्यक्त करावी, अशी त्यांची पद्धत होती. देवदेवतांच्या कथांबरोबर कारखान्यातील मजूरही त्यांच्या नृत्यात आला. ‘श्रम आणि यंत्र’ या रचनेत माणसे राबता राबता स्वतःच यंत्राचे भाग होऊन जातात.

महायुद्धाचे दिवस होते. पैसा अपुरा पडू लागला आणि चारपाच वर्षांतच केंद्र बंद करावे लागले. विद्यार्थी पांगले. गुरुदत्त चित्रपटांकडे वळले. केंद्रात काम केलेल्या शांती बर्धन यांनी मुंबईत नृत्यसंस्था काढून रामायण बसविले. त्यात माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचत. गुरूंच्या नृत्याहून ते कितीतरी वेगळे होते!

उदयशंकरांनी आपले मोडलेले स्वप्न ‘कल्पना’ या चित्रपटात रंगविले. हिमालयात कलाकेंद्र काढू पाहणाऱ्या नर्तकाची ही कथा १९४८ साली पडद्यावर आली. त्यात उदयशंकर व त्यांच्या पत्नी अमला या दोघांच्याही भूमिका आहेत. चित्रपटाने पैसा मिळविला नाही. १९७७ साली उदयशंकर निवर्तले. पुढे या चित्रपटाची जीर्ण प्रत दुरुस्त करण्यात आली आणि २०१२ साली फ्रान्समधील कान येथे तो पुन्हा दाखविला गेला. त्या वेळी प्रेक्षकांत नव्वदी ओलांडलेल्या अमला शंकर बसल्या होत्या.