टॅनिन, तळघर आणि यवतमाळचा उन्हाळा

मेदॉकची ताजी रेड वाईन पिणे सोपे नसते. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या वायव्येला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या या गोटेरी जमिनीत मुख्यत्वे कॅबर्ने सॉव्हिन्यों ही द्राक्षाची जात लावतात. कॅबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून ती जन्मली, हे १९९७ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले. तिचा मणी लहान, साल जाड. रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त. रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंगाबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही वाईनमध्ये उतरते. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडून आवळते.

यवतमाळच्या मुलखाला टॅनिन परके नाही. बांधावरच्या बाभळीची साल चामडे कमावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती त्याच्याचसाठी. बाभळीच्या सालीतले टॅनिन द्राक्षातल्या टॅनिनच्याच कुळातले. हिरड्या-बेहड्यातले दुसऱ्या कुळातले, आणि ओकच्या पिंपातून वाईनमध्ये येते ते याच दुसऱ्या कुळातले.

मेदॉकची उत्तम वाईन २२५ लिटरच्या पिंपात साधारण दीड वर्ष राहते. लाकडाच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या किंचित हवेने टॅनिन आणि रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. बाटलीत हेच काम फार संथपणे चालू राहते. काही जोडण्या जड होऊन गाळाच्या रूपाने तळाशी बसतात, जांभळट लाल रंग विटकरी होतो, तुरटपणा मवाळतो. ताज्या फळांचा वास मागे पडून देवदार, तंबाखू, सुक्या पानांचा वास वर येतो. मेदॉकमधल्या पोइयाकच्या शातो लातूरची १९६१ सालची वाईन अर्धशतकानंतरही जाणकार वाखाणत होते. अर्थात प्रत्येक तुरट वाईन अशी फळत नाही. फळाचा गर आणि आम्लता मुळातच कमी असेल, तर वर्षे जातात आणि कडवट पाणी हाती येते.

या सगळ्या प्रक्रियेचा आधार म्हणजे १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान. तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच रासायनिक क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होतात. पण सगळ्या सारख्याच वेगाने वाढत नाहीत. म्हणून उष्णतेत ठेवलेली वाईन लवकर मुरत नाही, वेगळीच होते. फळाचा वास शिजल्यासारखा लागतो, बूच वर सरकते, हवा शिरते.

यवतमाळात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो हे सर्वांना ठाऊक आहे. तळघर असले की प्रश्न मिटला, असे मात्र नाही. जमिनीखाली काही मीटरवर तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिरावते. बोर्दोची सरासरी १३-१४ अंश आहे, म्हणून तिथले तळघर आपोआपच वाईनसाठी योग्य ठरते. यवतमाळची सरासरी पंचविशीच्या पुढे. धान्याचे पेव इथे उत्तम चालले, पण वाईनच्या दृष्टीने तोच थंडावा दहा-बारा अंशांनी कमी पडतो.

महाराष्ट्राची अडचण मळ्यापासूनच सुरू होते. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात; काढणी जानेवारी ते मार्च. बोर्दोत काढणीला हवा थंडावत असते, इथे ऊन चढत असते. साखर झपाट्याने वाढते, आम्लता उतरते, साल-बियांतले टॅनिन मात्र त्या वेगाने पिकत नाही. लवकर तोडले तर कच्चा तुरटपणा राहतो. थांबले तर मद्यार्क चढतो आणि वाईन टिकवणारी आम्लता जाते. काढणीचा दिवस ठरवणे हीच इथल्या वाईनकाराची खरी परीक्षा. नाशिकच्या मळ्यांना समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे ६०० मीटर उंचीचा आणि हिवाळ्यातल्या थंड रात्रींचा थोडा आधार मिळतो.

राज्याचे द्राक्ष-वाईन धोरण २००१ मध्ये आले आणि नाशिक-सांगलीकडे कारखाने वाढले. बहुतेकांनी लवकर प्यायची वाईन केली, आणि बाजार पाहता ते योग्यच होते. मुरवण्याजोग्या रेडचा ठळक प्रयत्न सोलापूर जिल्ह्यात अकलूजला झाला. तिथले मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घराण्यांतल्या भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वाईनरी उभी केली. टस्कनीचे वाईनकार पिएरो मासी यांच्या हाताखाली तिथे सांजोवेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या जाती मिसळून पिंपात मुरवलेली ‘सेत्ते’ तयार झाली. अशा वाईनला काही वर्षे द्यावीत. मेदॉकच्या थोर बाटल्यांची दशके तिच्याकडून मागू नयेत.

विदर्भात अशी बाटली राखायची तर १३ अंशांवर चालणारे वाईनचे कपाट हवे, आणि भारनियमनात ते बंद पडणार नाही याची सोयही हवी. घरगुती फ्रिज चार-पाच अंशांवर असतो आणि आतली हवा कोरडी. काही आठवडे चालते, वर्षे नाही. बूच असलेली बाटली आडवी, अंधारात ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. जुनी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवावी आणि गाळ मागे राहील अशा बेताने हळू ओतावी. तरुण, तुरट वाईन मात्र तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवलेली बरी. सोबत मटण असावे, कारण त्यातली प्रथिने आणि चरबी टॅनिनची धार कमी करतात. पण सावजी रश्शाचा तिखटजाळ तोच तुरटपणा दुप्पट जाणवून देतो. भाजलेले, बेताच्या मसाल्याचे मटण तिला जास्त मानवते.