भूकंपात रुग्णालय उभे राहील. पण चालू राहील का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील साडेसात हजारांहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती. २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा ती झोन तीनमध्ये गेली. छत्रपती संभाजीनगर झोन दोनमध्ये आहे. येथे धोका कमी आहे, पण शून्य नाही. शिवाय मराठवाड्यात कोठेही आपत्ती आली, तरी गंभीर जखमींना याच शहरातील घाटी रुग्णालयाचा मोठा आधार असतो.

म्हणूनच भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक (आयएस १८९३) रुग्णालयांना वेगळी वागणूक देते. साध्या घराच्या तुलनेत दीडपट भूकंपबल गृहीत धरून त्यांचा आराखडा करावा लागतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. नवे रुग्णालय बांधताना पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर व शिशाचे आधार बसवले गेले. जमीन हादरली की हे आधार आडवे ताणले जातात आणि वरच्या इमारतीला बसणारा धक्का सौम्य होतो.

मात्र भक्कम खांब पुरेसे नाहीत. अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळचे ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपानंतर नव्याने, अत्यंत मजबूत बांधले गेले. १९९४ च्या भूकंपात इमारत टिकली. पण आतील पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. इमारत वाचली, उपचार मात्र थांबले.

ही कमतरता भरून काढायला नवी इमारत लागत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधणे, औषधांची कपाटे भिंतीला पक्की करणे, पाइपना लवचीक जोड देणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे ही कामे जुन्या रुग्णालयातही होऊ शकतात. जनरेटर आणि विजेचे पॅनेल तळघरात नसावेत, कारण पुराचे पाणी आधी तेथेच शिरते. वीज गेली की व्हेंटिलेटर, शस्त्रक्रियागृह आणि रक्तपेढीची शीतपेटी एकदमच अडचणीत येतात.

किल्लारीने नकाशावरचा भरवसा मोडला. त्यामुळे रुग्णालयाची तपासणी करताना इमारत पडेल का, एवढेच विचारून भागणार नाही. हादऱ्यानंतरच्या पहिल्या तासात तेथे शस्त्रक्रिया करता येईल का, हेही विचारले पाहिजे.