मात्सू: कौलांवर दगड ठेवणारी गावं

मात्सू द्वीपसमूह तैवानच्या ताब्यात असला, तरी चीनच्या फूच्यान किनाऱ्याला कितीतरी जवळ आहे. तैवानच्या कीलुंग बंदरातून रात्री सुटणारी फेरीबोट सकाळी नानगान बेटावर पोहोचते. तिथून बेइगान छोट्या बोटीने जेमतेम पाव तासावर.

बेइगानवरचं छिनबी हे इथलं सर्वांत देखणं गाव. डोंगरउतारावर ग्रॅनाइटची घरं समुद्राकडे तोंड करून एकावर एक रचल्यासारखी उभी आहेत. भिंती जाड, खिडक्या लहान आणि उंचावर. वारा आणि चाचे, दोघांनाही अडवायला. खरी कमाल मात्र छपरात आहे. कौलं पक्की न बसवता त्यांवर नुसते सुटे दगड ठेवतात. वाऱ्याने कौलं उडत नाहीत, फटींतून हवा खेळती राहते आणि गळती लागलीच तर दगड बाजूला सारून तेवढंच कौल बदलता येतं.

१९५६ ते १९९२ इथे लष्करी प्रशासन होतं. मासेमारीवर बंधनं आली, मासळीही घटली, आणि अनेक कुटुंबं तैवानला गेली. ओस पडलेल्या काही घरांत आता पाहुण्यांची सोय होते.

मुक्कामाला एप्रिल ते ऑगस्टमधली अंधारी रात्र निवडावी. लाट फुटताच नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवांमुळे पाणी निळं उजळतं. कोकण किनाऱ्यावरही अधूनमधून दिसणारा हाच तो प्रकाश. वसंतात धुक्यामुळे विमानं रद्द होतात, म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवावा.