मजुरीचे बोलायला जाताना

नांदगाव पेठ एमआयडीसीतल्या कापड कारखान्यात रात्रपाळी करून, उपाशीपोटीच आपण ठेकेदाराकडे मजुरीचे बोलायला जातो. रागाने छाती धडधडत असते. समोरचा काय म्हणतो ते डोक्यात शिरत नाही. १९८६ मध्ये कार्नेवाले आणि आयसेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी सौद्याच्या प्रयोगात काहींना आधी विनोदी चित्रे दाखवली, लहानशी भेट दिली. समोरासमोर बसूनही ते कमी भांडले, दोघांच्या सोयीचा तोडगा त्यांना जास्त सापडला. मन हलके असले की ‘तुमची अडचण काय?’ हे विचारायचे सुचते. म्हणून झोप काढून, भाकर खाऊन जा. ठेकेदाराशी एरवीही दोन शब्द बोलत राहा. हसून बोला, पण किमान वेतनाच्या खाली उतरू नका. तो आकडा कागदावर लिहून न्या, सोबत दोघी-तिघी असू द्या.