गाडीवरून माणूस ओळखताना

माझ्याकडे शिकायला येणारी माणसं क्लच कसा सोडायचा हे माहीत नसताना येतात, पण कुठली गाडी दिसली की काय समजायचं, हे घरूनच शिकून येतात. पांढरी फॉर्च्युनर म्हणजे पुढारी. काळी थार म्हणजे बापाच्या पैशावर उडणारा पोरगा. पिवळ्या नंबरप्लेटची डिझायर म्हणजे कुठूनही कट मारणारा. अल्टो चौकात बंद पडली, तर बाईच असणार. मी पुण्यात ड्रायव्हिंग शिकवते, आणि या समजुती काढून टाकणं मला गिअर शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

त्या नुसत्या मनात राहत नाहीत, स्टिअरिंगमध्ये उतरतात. आरशात मोठी एसयूव्ही दिसली की शिकणारा घाबरून गाडी डावीकडे ओढतो, आणि डावीकडून दुचाकी येतेय का हे बघायचं राहून जातं. समोर छोटी जुनी गाडी असली की तोच माणूस ‘ती थांबेल’ असं गृहीत धरून पुढे घुसतो. ब्रेक मग मला दाबावा लागतो.

अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला होता. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा काय करतो ते बघायचं. गाडी जुनी, स्वस्त असली तर मागच्यांपैकी ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला. चकचकीत महागडी क्रायस्लर असली तर फक्त ५० टक्क्यांनी. कागदावर प्रश्न विचारले तेव्हा मात्र विद्यार्थ्यांतले मुलगे म्हणाले होते की, आम्ही महाग गाडीमागे लवकर हॉर्न वाजवू! माझ्या ‘एल’ बोर्डाच्या वॅगन आरमागे रोज जे वाजत असतं, ते ऐकताना मला हा प्रयोग आठवतो.

मग या समजुतींत तथ्य काहीच नाही का? थोडं आहे. पॉल पिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्याच झेब्रा क्रॉसिंगवर सर्वांत महाग गटातल्या जवळजवळ निम्म्या गाड्या पादचाऱ्यासाठी थांबल्या नव्हत्या. फिनलंडमध्ये यान-एरिक लोनक्विस्ट यांना ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज बाळगणाऱ्यांत आडमुठे, स्वतःपुरतं बघणारे पुरुष जास्त दिसले. पण याच गाड्या शिस्तीच्या, काटेकोर माणसांकडेही जास्त दिसल्या, आणि हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. नियम मोडणारी बीएमडब्ल्यू आपल्या लक्षात राहते. मुकाट थांबलेली कोण लक्षात ठेवणार?

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणाचे तेव्हाचे पोलीस महासंचालक ओ. पी. सिंह यांनी सगळे उपद्रवी थार आणि बुलेटच चालवतात, अशा आशयाचं जाहीर विधान केलं. मला ते अजिबात पटलं नाही. ओट्यावर बसलेल्या माणसाने तसं म्हणणं वेगळं. पोलीसप्रमुखाच्या तोंडून ते आलं, की नाकाबंदीवरच्या शिपायाला गाडीचं मॉडेल हाच पुरावा वाटू लागतो.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट कॅलिफोर्नियापेक्षा अगदी वेगळी आहे: गाडी ज्याची, तो अनेकदा ती चालवतच नसतो. माझ्याकडे शिकलेली काही मुलं आज दुसऱ्यांच्या फॉर्च्युनर आणि इनोव्हा चालवतात. मराठवाड्यातून आलेली, खोली शेअर करून राहणारी, पगारावर घर चालवणारी. लोक शिव्या देतात त्या ‘माजोरड्या श्रीमंता’ला, आणि स्टिअरिंगवर हा असतो. मागून साहेब म्हणतात, “घे की पुढं, काय बैलगाडी चालवतोस?” त्यावर नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नसते. पिवळ्या प्लेटवाल्याचंही तसंच. टी परमिटची (टॅक्सीची) गाडी म्हणजे डोक्यावर हप्ता, आणि हिंजवडीला कंपनीची शिफ्ट ठरल्या मिनिटाला गाठायची सक्ती. तो कट मारतो ते चूकच, मी त्याची बाजू घेत नाही. पण तो त्या गाडीचा स्वभाव नाही, त्या धंद्याचं वेळापत्रक आहे. शिव्यांनी ते बदलत नाही.

म्हणून मी मुलांना लोगो बघू देत नाही. पुढच्या गाडीची पुढची चाकं बघायला लावते, कारण इंडिकेटर न देताही चाकं आधी वळतात. आणि मालक मंडळी गाडी शिकायला किंवा ड्रायव्हर शोधत माझ्याकडे आली, की त्यांना सांगते: घाई तुमची असेल तर चलानही तुम्हीच भरा, त्याच्या पगारातून कापू नका.