छताला टांगलेले फुगे

बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स एनबीएच्या अंतिम मालिकेत आजवर १२ वेळा समोरासमोर आले. ९ वेळा सेल्टिक्स जिंकले, ३ वेळा लेकर्स. एवढ्या एकतर्फी हिशेबाला कुणी चुरस म्हणणार नाही. तरीही अमेरिकी बास्केटबॉलमधल्या हाडवैराचा विषय निघाला की पहिलं नाव याच जोडीचं येतं. माझ्या मते ही कीर्ती जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांनी कमावलेली आहे.

सुरुवात १९५९ची. लेकर्स तेव्हा मिनियापोलिसचे होते. सेल्टिक्सनी त्यांना ४-० असं झोपवलं. पुढच्या वर्षी लेकर्सनी लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवलं, नशीब मात्र सोबत आलं. १९६२च्या सातव्या सामन्यात बरोबरी असताना शेवटच्या क्षणी लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीचा फटका रिंगवरून बाहेर पडला आणि जादा वेळेत सेल्टिक्सनी ११०-१०७ असा सामना खेचला. सेल्टिक्सच्या बिल रसेलचे त्या दिवशीचे रिबाउंड होते ४०!

पण या वैराचा कळस १९६९चा. रसेल खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत, पस्तिशीतला. म्हातारा झालेला संघ पूर्व विभागात चौथा येऊन कसाबसा पुढे सरकलेला. उलट लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि नव्यानं आलेला धिप्पाड विल्ट चेंबरलेन. सातवा सामना लेकर्सच्या घरी. मालक जॅक केंट कुक यांनी छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते आणि जिंकल्यावर ते कसे सोडायचे, बँड काय वाजवणार, याचं पत्रकही छापून घेतलं होतं. ते पत्रक रसेलच्या हाती लागलं. प्रतिस्पर्ध्याला चेव आणायला आणखी काय हवं?

चौथ्या सत्राच्या सुरुवातीला लेकर्स १५ गुणांनी मागे. मग वेस्टनं दुखऱ्या मांडीनिशी एकेक गुण ओढून आणला. चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. परत जातो म्हणाला, तर प्रशिक्षकानं पाठवलं नाही. लेकर्सच्या गोटात त्यावरून पुढे बरीच वर्षं धुसफूस चालली. मिनिटभरापेक्षा थोडाच जास्त वेळ उरलेला असताना निसटलेला चेंडू सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनच्या हाती आला. त्याचा फटका रिंगच्या मागच्या कडेवर आदळला, सरळ वर उडाला आणि जाळीत पडला. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट करणाऱ्या वेस्टला मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. हरलेल्या संघाच्या खेळाडूला हा मान त्यानंतर आजवर मिळालेला नाही. रसेल १३ हंगामांत ११ विजेतेपदं घेऊन निवृत्त झाला.

ऐंशीच्या दशकात लेकर्सकडे मॅजिक जॉन्सन आणि सेल्टिक्सकडे लॅरी बर्ड आले, टीव्हीचा पैसा आला. १९८४च्या पाचव्या सामन्यात वातानुकूलन नसलेल्या बोस्टन गार्डनमध्ये पारा ३६ अंशांवर होता. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर ऑक्सिजन घेत होता आणि बर्ड ३४ गुण करत होता. सेल्टिक्स गोऱ्यांचा संघ आणि लेकर्स काळ्यांचा, असा रंग लोकांनी या सामन्यांना दिला. गंमत अशी, की एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडणारा आणि पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमणारा संघ सेल्टिक्सच होता.

१९८५मध्ये लेकर्सनी अखेर बोस्टनमध्येच सूड उगवला आणि १९८७मध्ये सेल्टिक्सना पुन्हा हरवलं. तेव्हा संघाचा जनरल मॅनेजर होता जेरी वेस्ट.

२००८ बोस्टनचं, २०१० लेकर्सचं. दुसरी मालिका सात सामन्यांपर्यंत ताणली गेली, पण खेळ म्हणून ती रटाळ वाटली. २०२४मध्ये सेल्टिक्सनी १८वं विजेतेपद घेऊन लेकर्सच्या १७ला मागे टाकलं. ते मात्र डॅलसला हरवून, आणि त्याला लेकर्सला हरवण्याची सर नाही.