विमान कुणाचंही असो, तपास कुणाचा?

'बोइंग अमेरिकेचं, तेव्हा तपासही अमेरिकाच करणार. आपले लोक नुसत्या सह्या करणार.' 2025मधल्या अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघातानंतर हे वाक्य महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या चहाच्या टपरीवरही ऐकू आलं आणि मुंबईच्या टीव्ही स्टुडिओतही. त्याच दमात उलटंही बोललं गेलं : विमान आपलं, जमीन आपली, मग या परदेशी मंडळींना आत घेतलंच कशाला? दोन्ही म्हणणी चूक आहेत. चूक नेमकी कुठे, ते समजायला आपल्याच सह्याद्रीतलं एक विसरलेलं प्रकरण उपयोगी पडतं.

7 जुलै 1962. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत आलेलं अलितालियाचं डीसी-8 मुंबईत उतरायच्या बेतात होतं. वैमानिकाला वाटलं, सांताक्रूझ जवळ आलं. प्रत्यक्षात खाली जुन्नरचे डोंगर होते आणि मुंबई अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब. विमान वेळेआधीच खाली आलं आणि सुमारे 3,600 फुटांवर डोंगराला धडकलं. ही उंची महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा हजारभर फुटांनी कमी. जुलैतल्या घाटमाथ्यावर दिवसाढवळ्या समोरचा माणूस दिसत नाही, तिथे रात्रीची काय कथा! विमानातले सगळे 94 जण गेले.

विमान इटलीचं, बनावट अमेरिकेची, प्रवासी देशोदेशींचे. तपास मात्र भारताचा, कारण विमान पडलं ते पुणे जिल्ह्यात. निष्कर्षही रोखठोक होता : आपण नेमके कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, जागा ताडून पाहण्याची साधनं हाताशी असून वापरली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि या मार्गावरचा भूप्रदेश त्याच्या ओळखीचा नव्हता.

तपासाचा हा हक्क येतो 1944च्या शिकागो करारातून. त्याचं 'परिशिष्ट 13' म्हणजे अपघात-तपासाची नियमावली. अपघात ज्या देशात घडला तो तपासाचा यजमान. पण यजमान म्हणून तो दार लावून बसू शकत नाही. विमानाची नोंदणी जिथे झाली, ते चालवणारी कंपनी जिथली, त्याचा आराखडा आणि बांधणी जिथली, त्या प्रत्येक देशाला अधिकृत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क आहे. म्हणून अहमदाबादेत अमेरिकेची परिवहन सुरक्षा संस्था आली. बोइंगचे आणि इंजिन बनवणाऱ्या जीईचे तंत्रज्ञ या अमेरिकी प्रतिनिधीचे सल्लागार म्हणून आले. तपासाची सूत्रं भारताच्या विमान अपघात तपास संस्थेकडे, म्हणजे 'एएआयबी'कडेच राहिली. विमानात 53 ब्रिटिश नागरिक होते, म्हणून ब्रिटनचे तज्ज्ञ आले. ज्यांची माणसं गेली त्या देशांचा अधिकार मर्यादित असतो : जागा पाहणं, समोर आलेली माहिती मिळणं, ओळख पटवण्यात मदत करणं. यात मेहेरबानी कुणाचीच नाही.

नियम उलट्या बाजूनेही लागू होतो, आणि तेव्हा आपल्याला तो टोचतो. 24 जानेवारी 1966 रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' माँ ब्लाँवर आदळलं. 117 जण गेले. त्यांत होमी भाभा होते. डोंगर फ्रान्सच्या हद्दीत, म्हणून तपास फ्रान्सचा. विमानातलं दिशादर्शनाचं एक यंत्र बिघडलेलं होतं. जिनिव्हाच्या नियंत्रकाने माँ ब्लाँपासूनचं अंतर सांगितलं. वैमानिक समजला, शिखर मागे पडलं. घातपाताच्या कहाण्या आजही चवीने सांगितल्या जातात. तपासाच्या अहवालात मात्र हा गैरसमजच कारण म्हणून नोंदवला आहे.

'ब्लॅक बॉक्स शेवटी परदेशातच जातो' हाही असाच एक ठाम समज. 23 जून 1985ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळच्या समुद्रात पडलं, 329 जण गेले. ती जागा कुणाच्याच हद्दीत नव्हती. अशा वेळी तपास नोंदणीच्या देशाकडे जातो, म्हणजे भारताकडे. आयरिश, ब्रिटिश, कॅनेडियन मंडळी शोधकार्याला धावली. दोन किलोमीटर खोल तळावरून दोन्ही नोंदयंत्रं, म्हणजेच ब्लॅक बॉक्स, काढली ती एका फ्रेंच जहाजावरच्या यंत्रमानवाने. आणि कॉकपिटमधला आवाज तपासला गेला आपल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात! अहमदाबादच्या वेळीही विमानाच्या पुढच्या भागातल्या नोंदयंत्रातली माहिती दिल्लीच्या प्रयोगशाळेतच उतरवून घेतली. त्यासाठी लागणारं एक साधन तेवढं अमेरिकेकडून आलं.

मॉन्ट्रियलची 'आयकाओ', म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, स्वतः अपघाताचा तपास करत नाही; ती नियम करते. अहमदाबादेत तिचा तज्ज्ञ होता, पण निरीक्षक म्हणून.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो अहमदाबादच्या प्राथमिक अहवालाने. महिन्याभरात असा अहवाल द्यायचा असतो, आणि 12 जुलैला तो आला. त्यात इंधनाचे स्विच बंद झाल्याची नोंद होती, दोन वैमानिकांमधला त्याबद्दलचा एक संवाद होता. कारण मात्र कुठेच सांगितलेलं नव्हतं. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चेत तेही सांगून झालं, दोषीही ठरला. परिशिष्ट 13 मात्र स्पष्ट म्हणतं की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे. दोष कुणाचा, हे ठरवणं नव्हे. अंतिम अहवालाचा मसुदाही सहभागी देशांकडे जातो, हरकती नोंदवायला त्यांना साठ दिवस मिळतात, आणि न पटलेली हरकत त्यांना हवी असल्यास अहवालाला जोडावी लागते.

गुन्हा कुणी केला, हे शोधणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. ती वाट वेगळी. 'कनिष्क'च्या भारतीय तपासात न्यायमूर्ती किरपाल यांनी 1986 सालीच बॉम्बचा निष्कर्ष काढला होता. कॅनडातला खटला त्यानंतर कितीतरी वर्षं रेंगाळला. 2005 मध्ये दोन प्रमुख आरोपी निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती एकट्या इंद्रजितसिंग रेयातला.